कलेजी घ्यावी की वजडी?

घरात कुणाचं हिमोग्लोबिन कमी असेल आणि हाताशी अर्धाच तास असेल, तर बकऱ्याची कलेजी घ्या. दुपार मोकळी असेल आणि काळ्या मसाल्याचं झणझणीत सुकं हवं असेल, तर वजडी, म्हणजे बकऱ्याचं पोट.

वजडीचं खरं काम फोडणीच्या आधीच असतं. कढत पाण्यात बुडवून वरचा काळपट पापुद्रा सुरीने खरवडायचा, चार-पाच पाण्यांतून धुवायची, मग हळद, मीठ, आलं-लसूण लावून कुकरला सहा-सात शिट्ट्या. खाटीक साफ करून देत असेल तरी घरी एकदा धुतलेली बरी. पुढचं सोपं आहे. विस्तवावर भाजलेला कांदा, सुकं खोबरं आणि काळा मसाला शेंगदाण्याच्या तेलात परतायचा, त्यात वजडी टाकून तेल सुटेस्तोवर हलवत राहायचं. वजडीला स्वतःची चव बेताचीच, त्यामुळे मसाला तिच्या घड्याघड्यांत मुरतो. सोबत कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी हवीच, पोळीबरोबर मजा नाही.

कलेजीला इतका मसाला घातलात तर तिची चव मेलीच म्हणून समजा. लसूण, हिरवी मिरची, मिरी पुरे. लोखंडी तव्यावर मोठ्या आचेवर सहा-सात मिनिटं, मीठ शेवटी. तुकडा मोडून बघा: आत लाल राहता कामा नये, पण त्यापुढे परतत बसलात तर रबर होतो.

पोषणात मात्र बरोबरी नाही. 100 ग्रॅम कच्च्या कलेजीत साधारण 20 ग्रॅम प्रथिनं आणि 6-7 मिलिग्रॅम लोह असतं, शिवाय बी-12 भरपूर. वजडीत प्रथिनं बऱ्यापैकी, लोह नावापुरतं. कलेजीतलं लोह अंगी चांगलं लागतं, आणि तिच्यासोबत खाल्लेल्या भाकरीतलं लोहही जास्त शोषलं जातं. म्हणून जेवणावर लगेच चहा नको, त्यात थोडं वाया जातं.

पण कलेजीत अ जीवनसत्त्व इतकं असतं की रोज खाणं बरं नव्हे, आठवड्यातून एकदा पुरे. गरोदर बाईला तर देऊच नये, घरातल्या म्हाताऱ्या काहीही म्हणोत. युरिक ॲसिडचा त्रास असणाऱ्यांनी कलेजीपासून लांबच राहावं, वजडीही जपूनच खावी.

जळगाव-भुसावळचा पारा मे महिन्यात 45 च्या आसपास जातो. तेव्हा दोन्ही सकाळी लवकर आणा. दोन्ही एकत्र करायचं मनात असेल, तर वजडी पूर्ण परतून झाल्यावर शेवटच्या सात-आठ मिनिटांत कलेजी टाका.