विन-आयएसडी : सबवूफरच्या बॉक्ससाठी झकास, पण लिटरची बेरीज आपली आपण करायची

घरी सबवूफरचा (खोल बेस वाजवणाऱ्या स्पीकरचा) बॉक्स बनवायचा असेल तर प्लायला करवत लावायच्या आधी विन-आयएसडी हे बॉक्स डिझाइनचं सॉफ्टवेअर डाउनलोड करा, एवढं तर मी कुणालाही सांगेन. फुकट आहे, विंडोजवर चालतं. ड्रायव्हरचे (बॉक्समध्ये बसवायच्या नुसत्या स्पीकरचे) एफएस, क्यूटीएस, व्हीएएस वगैरे तांत्रिक आकडे, म्हणजे पॅरामीटर, टाकले की सील्ड (पूर्ण बंद) बॉक्स केला तर काय आणि पोर्टवाला (हवा जायला पाइप असलेला) केला तर काय, हे लगेच ग्राफमध्ये दिसतं. गणित जुनंच आहे, नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये मांडलेलं आणि रिचर्ड स्मॉल यांनी सत्तरच्या दशकात पुढे नेलेलं, पण ते हाताने करत बसायचं म्हणजे रात्र जाते. मला सगळ्यात आवडतो तो कोन (स्पीकरचा पुढचा हलणारा पडदा) किती हलतोय आणि पोर्टमधून हवा किती जोरात जातेय हे दाखवणारा ग्राफ, कारण पोर्ट फुसफुसणार का हे बॉक्स बनायच्या आधीच कळतं. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून आणलेला बिनलेबलचा ड्रायव्हर असेल तर मात्र आधी त्याचे पॅरामीटर मोजून घ्या, नाहीतर ग्राफला काही अर्थ नाही.

आता खरा मुद्दा. बॉक्सच्या टॅबमध्ये आपण ६० लिटर टाकतो ना, ते आतल्या मोकळ्या हवेचे ६० लिटर. ड्रायव्हर, पोर्टचा पाइप आणि ब्रेसिंग (बॉक्स मजबूत करायला आतून लावलेल्या पट्ट्या) आत जाऊन जी जागा खातात ती त्याच्यावर वेगळी धरायची, आणि नेमकं हेच बरेच जण विसरतात. काही जण ड्रायव्हरच्या पॅरामीटरच्या यादीतला व्हीडी हा आकडा बघून तोच ड्रायव्हरने खाल्लेली जागा म्हणून धरतात, तर तसं अजिबात करू नका! व्हीडी म्हणजे कोनचं क्षेत्रफळ गुणिले एक्समॅक्स (कोन मधल्या जागेपासून एका बाजूला जास्तीत जास्त किती नीट सरकू शकतो ते अंतर), म्हणजे कोन पुढे सरकताना किती हवा ढकलतो ते. १२ इंचीला ५०० चौरस सेंमी आणि १२ मिमी धरलं तर ०.६ लिटर येतात, आणि ड्रायव्हर प्रत्यक्षात त्याच्या चौपट जागा आरामात खातो.

कंपनीच्या कागदावर डिस्प्लेसमेंट दिलेलं असेल तर तेच घ्या, फक्त एकक बघा, घनफूट असेल तर २८.३ ने गुणायचं. दिलेलं नसेल तर टेप काढा. मॅग्नेट १६ सेंमी व्यासाचा, ५ सेंमी जाड, म्हणजे १ लिटर. कोन वरती २६ सेंमी, खाली कॉइलपाशी ६.५, खोली ७, म्हणजे साधारण १.६ लिटर. झाले २.६, बास्केटच्या (ड्रायव्हरच्या सांगाड्याच्या) पत्र्याचं थोडं वर धरा. अख्खं बास्केट भरीव समजून मोजू नका, त्याच्या खिडक्यांमधली हवा बॉक्सचीच असते. कोनचं माप नीट घ्यायचं असेल तर ड्रायव्हर उताणा ठेवून वर पातळ प्लास्टिक अंथरा, बीन बॅगमधले थर्माकोलचे दाणे काठापर्यंत भरा, पट्टीने सपाट करा आणि लिटरच्या मापाने मोजा. तांदूळ घेऊ नका, त्याच्या वजनाने कोन खाली बसतो आणि माप जास्त येतं.

पोर्टचं माप बाहेरच्या व्यासाने धरायचं. ६० लिटरचा बॉक्स ३२ हर्ट्झला ट्यून करायला (म्हणजे पोर्ट त्या वारंवारतेला सगळ्यात जास्त साथ देईल असं करायला) ११० मिमीचा पीव्हीसी पाइप (आतून साधारण १०४) ३४ सेंमीच्या आसपास लागतो, त्यातले १८ मिमी फळीत जातात, उरलेला आतला भाग ३ लिटर खातो. ब्रेसिंगच्या पट्ट्या ०.९ धरा. ड्रायव्हरचे २.६ धरून एकूण साडेसहा लिटर, म्हणजे बॉक्स आतून ६६.५ चा पाहिजे. आतून ४५ बाय ४५ बाय ३३ घेतलं की काम झालं. सुताराला सांगताना ही आतली मापं आहेत हे दोनदा सांगा, कारण १८ मिमी एमडीएफमध्ये हाच बॉक्स बाहेरून ४८.६ बाय ४८.६ बाय ३६.६ होतो, आणि बाहेरून हिशोब केला तर ८६ लिटर दिसतात!

हे साडेसहा लिटर धरलेच नाहीत तर पोर्ट तोच राहून ट्यूनिंग ३२ वरून जवळपास ३४ वर जातं. गाडीच्या डिकीतल्या २० लिटरच्या छोट्या बॉक्समध्ये तर नुसता ड्रायव्हरच १०-१५ टक्के खाऊन टाकतो, तिथे ही बेरीज सोडून चालतच नाही. सील्ड बॉक्स त्या मानाने माफ करतो, क्यूटीसी (बॉक्समध्ये बसल्यावर बेस किती घट्ट की फुगीर हे सांगणारा आकडा) थोडा वाढतो, आणि आत फायबर भरलं की बॉक्स ड्रायव्हरला जरा मोठा भासतो, त्यामुळे पहिलाच बॉक्स असेल तर सील्डच करा. मॅग्नेट बाहेर ठेवून उलटा बसवणार असाल तर ड्रायव्हरचं काही वजा करायचं नाही, उलट कोनच्या पुढच्या खोलगट भागातली हवा बॉक्सला मिळते.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो नवख्याला ड्रायव्हरची नवीन एंट्री करताना फार गोंधळायला होतं म्हणून.