सोलापूरच्या उन्हाळ्यात आरटीएक्स ४० मालिका

मे महिन्यात इथे पारा ४२-४३ वर जातो. एसी नसलेल्या खोलीसाठी ग्राफिक्स कार्ड घेताना आधी वॅट बघावेत, फ्रेम (सेकंदाला दिसणारी चित्रं) नंतर. कार्डाने खाल्लेली सगळी वीज शेवटी खोलीच तापवते. या हिशेबात एनव्हिडियाची ४० मालिका आधीच्या ३० मालिकेपेक्षा उजवी आहे. ३०६० ला १७० वॅट लागायचे. ४०६० हे ११५ वॅटमध्ये त्याच्यापेक्षा जास्त फ्रेम देतं. सॅमसंगच्या ८ नॅनोमीटर तंत्रावरून चिप टीएसएमसी या कंपनीच्या जास्त बारीक तंत्राकडे गेली, त्याचा हा फायदा.

कंजूषी केली ती मेमरीत. ३०६० ला १२ जीबी आणि १९२ बिटची बस (मेमरी आणि चिपमधला रस्ता) होती, ४०६० ला ८ जीबी आणि १२८ बिट. चिपमध्येच २४ एमबी कॅश (छोटी वेगवान मेमरी) देऊन कसर भरलीय, पण ती १०८०पी (फुल एचडी) पर्यंतच पुरते. टेक्सचर (वस्तूंच्या पृष्ठभागाची चित्रं) सर्वात वरच्या अल्ट्रा सेटिंगवर टाकले की नव्या गेममध्ये ८ जीबी भरते, उरलेला डेटा रॅममधून ओढावा लागतो आणि गेम अडखळतो. त्यात कार्डाला मदरबोर्डाशी जोडणाऱ्या पीसीआयईच्या लेन आठच. बी४५० किंवा एच४१० सारख्या जुन्या बोर्डावर त्या चौथ्याऐवजी तिसऱ्या पिढीच्या वेगाने चालतात, म्हणजे रस्ता आणखी निम्मा. तिथे टेक्सचर एक पायरी उतरवा, बाकी सेटिंगला हात लावू नका.

फ्रेम जनरेशनला (कार्डाने मधल्या फ्रेम स्वतः रचून आकडा वाढवण्याला) भुलू नका. मुळात ५०-६० फ्रेम मिळत असतील तरच ते कामाचं. ३० वर लावलं तर आकडा फुगतो, माउस जडच राहतो; वर ते स्वतःही मेमरी खातं.

४०६० टीआयचं ८ जीबी मॉडेल सोडून द्या. बसही ४०६० चीच, लेनही तेवढ्याच. १४४०पी (फुल एचडीच्या वरचं रिझोल्यूशन) खेळायचं असेल तर थेट ४०७०: १२ जीबी, २०० वॅट. त्याच्या सोळा पिनांच्या पॉवर कनेक्टरवाल्या मॉडेलला केबल पूर्ण आत बसवा, तोंडाशी वाकवू नका. ४५० वॅटच्या ४०९० वर हेच कनेक्टर अर्धवट बसल्याने वितळले होते.

शहराच्या पूर्व भागात यंत्रमागाशेजारी घर असेल तर कापसाचे तंतू कार्ड थंड ठेवणाऱ्या हीटसिंकच्या पात्यांत नमद्यासारखे बसतात. महिन्याला ब्लोअर मारा, पण पंखा बोटाने धरून; मोकळा गरगरला तर बेअरिंग जातं. उन्हाळ्यात आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरमध्ये पॉवर लिमिट (कार्डाच्या वीज वापराची मर्यादा) ८५ टक्क्यांवर ठेवा, फ्रेम फारशा घटत नाहीत.

लाइट जाते तिथे ६०० व्हीएचा यूपीएस, म्हणजे साधारण ३६० वॅट, ४०६० च्या मशीनला गेम सेव्ह करून बंद करण्यापुरता पुरतो. ४०७० साठी १००० व्हीए घ्या.