बोअरिंग झालेल्या सिलिंडरमध्ये स्टँडर्ड रिंग

कॉम्प्रेसरच्या हवेतून ऑइल येतंय आणि कुणी ठामपणे सांगतंय, "पिस्टनच्या रिंगा गेल्या, सिलिंडर ओढला गेलाय, पंप पूर्ण खोलावा लागेल," तर होकार देण्याआधी एक करा. क्रँककेसमध्ये (पंपाच्या तळाचा ऑइलचा डबा) ऑइल ओततो त्या तोंडाचं बूच काढा आणि त्या बुचातून फुंकर मारून बघा. हवा आरपार गेली पाहिजे. गेली नाही, तर दोष बहुधा त्या बुचाचा आहे, रिंगचा नाही. तुम्हाला गंडवायचं चाललंय, किंवा मेकॅनिक अडाणी आहे. माझ्या बाबतीत दोन्हींपैकी काय, हे मला आजही कळलेलं नाही. पैसे मात्र गेले.

आकडे टक्क्यांत देतो, म्हणजे कुणालाही ताडून बघता येतील. बिल झालं नव्या मशीनच्या किमतीच्या ४६ टक्के. त्यात लेबर १८, सिलिंडर बोअरिंग (आतून कापून मोठा करणं) १२, रिंग सेट ९ आणि "ऑइल फिल्टर" ७. यातलं एकही काम झालेलं नव्हतं. फिल्टर तेवढा बसवला होता, पण तो ऑइलचा फिल्टरच नव्हता.

मशीन साधं, घरच्या वर्कशॉपमधलं. एक सिलिंडर, ६५ मिमी बोअर (आतला व्यास), ५० लिटरची टाकी, दाब ८ बार झाला की मोटर बंद. सुरुवात झाली सर्व्हिस सेंटरवाल्यांच्या "फ्री चेकअप"पासून. ऑइल बदललं, फिल्टरचा स्पंज झटकला, निघून गेले. तोवर हवेसमोर धरलेला कागद कोरडा यायचा. चौथ्या दिवशी रंगकामात फिश आय (रंगातले गोल खड्डे) उठायला लागले आणि ब्लोगनसमोर धरलेल्या पांढऱ्या कागदावर पिवळट ठिपके आले. चेकअपनंतर लगेच बिघाड झाला, म्हणजे चेकअपमध्येच काहीतरी झालं, एवढा साधा हिशोब मला जमला नाही, आणि मी त्यांच्याच "रिंगा गेल्या"वर विश्वास ठेवला. अर्थात, ऑइल बदलल्याने रिंग मरते असं कुणाच्या डोक्यात येईल?

झालं होतं असं. मॅन्युअलप्रमाणे या पंपात ३०० मिली ऑइल लागतं. पुढे मी स्वतः काढून मोजलं तेव्हा ४३० मिली निघालं. काचेवरच्या लाल ठिपक्याच्या मध्यावर पातळी हवी, ती ठिपक्याच्या वर चढून काच पूर्ण भरली होती. पूर्ण भरलेली काच आणि पूर्ण रिकामी काच लांबून सारखीच दिसते, म्हणून टॉर्च मारून बघायचं. ऑइल जास्त झालं की कनेक्टिंग रॉडचं डिपर (ऑइल उडवणारं टोक) त्यात खोल बुडतं, फेस होतो आणि ऑइल रिंगला पुसून काढता येणार नाही एवढं ऑइल सिलिंडरच्या भिंतीवर उडतं.

त्याहून वाईट म्हणजे ब्रीदरचं बूच. नवीन मशीनला वाहतुकीत ऑइल सांडू नये म्हणून आंधळं बूच लावलेलं असतं. मशीन बसवताना ते काढून भोकाचं, म्हणजे ब्रीदर असलेलं बूच लावायचं असतं. आमच्याकडे ऑइल भरल्यावर उलटं झालं: भोकाचं गेलं, आंधळं आलं. पिस्टन खाली येताना क्रँककेसमधली हवा दाबली जाते, शिवाय रिंगांच्या फटीतून थोडी हवा खाली येतच असते. तिला बाहेर जायला वाट नसली की ती ऑइल घेऊन वर चढते. तिथून वॉल्व्ह प्लेट, पाइप, टाकी आणि तुमचा कागद.

इनटेकचा स्पंज चोंदला तरी तेच होतं, फक्त उलट बाजूने. पिस्टन खाली जाताना वर व्हॅक्यूम तयार होतो आणि ऑइल रिंगांवरून वर खेचलं जातं. स्पंज चोंदलाय का, तेही बघा.

आता ज्या गोष्टीची खरी लाज वाटते ती. बिल हातात होतं. वरची ओळ: "सिलिंडर बोअरिंग". त्याखाली: "रिंग सेट, स्टँडर्ड". पिस्टनचा उल्लेखच नाही. अरे, बोअर मोठा केला तर पिस्टन ओव्हरसाइज लागतो, रिंगा ओव्हरसाइज लागतात! बोअरिंग केलेल्या सिलिंडरमध्ये स्टँडर्ड रिंग टाकली तर तिच्या टोकांमधली फट एवढी पडेल की पंप हवा भरायच्याऐवजी खाली ढकलेल. नियम असा की बोअरच्या दर २५ मिमीला फट साधारण ०.१ मिमी, म्हणजे ६५ ला पाव मिमी. बोअर अर्धा मिमीने वाढला की फट दीड मिमीने वाढते. हे मला तोंडपाठ आहे. त्या दिवशी मी बिलाची बेरीज तपासली. बेरीज बरोबर होती.

दुसरी खूण याहून ठसठशीत होती. "जुने पार्ट बघा" म्हणून काळ्या ऑइलने बरबटलेली एक रिंग कागदात गुंडाळून दिली होती. व्हर्नियर टेबलावर होता. मी रिंग बोटाने फिरवली, "हं" म्हटलं आणि खणात टाकली. नंतर मोजली: टोकं जुळवून ५५ मिमी. माझ्या सिलिंडरमध्ये ती १० मिमी सैल बसली असती. हेडच्या (सिलिंडरच्या वरच्या झाकणाच्या) चारही बोल्टवर कंपनीचा रंग शाबूत होता, पान्याची एक खरवड नाही. पण बोल्ट मशीनच्या मागच्या बाजूला, भिंतीकडे. तिकडे कोण बघतं?

आणि डेमो! टाकी धुऊन, नवीन होज लावून, दोन मिनिटं कागद धरला. कोरडा. टाळ्या. टाकी स्वच्छ असेल तर खराब पंपही काही दिवस कोरडा कागद देतो, कारण ऑइल आधी टाकीच्या तळाशी साठतं. याची दुसरी बाजूही लक्षात ठेवा: पंप दुरुस्त झाला तरी जुनी टाकी आणि ऑइल पिलेली रबरी होज बरेच दिवस ठिपके पाडत राहते. टाकी ड्रेन करा, होज बदला, मगच निकाल द्या.

बसवलेला "ऑइल फिल्टर" हा ४० मायक्रॉनचा पाण्याचा ट्रॅप होता. हवेतले ऑइलचे तुषार बहुतेक एक मायक्रॉनच्या आसपास किंवा त्याहून बारीक असतात, ते त्यातून निवांत जातात. खरा हवा तो कोअलेसिंग फिल्टर (बारीक तुषार एकत्र करून थेंब बनवून अडवणारा), ०.०१ मायक्रॉनचा, त्याच्या आधी ५ मायक्रॉनचा, आणि तोही पंपाला चिकटून नाही, तर हवा गार झाल्यावर, गनजवळ. ऑइलची वाफ त्यालाही अडत नाही, तिला ॲक्टिव्हेटेड कार्बन लागतो.

तक्रारीचं सांगतो, कारण पैशांपेक्षा तेच जास्त झोंबलं. कंपनीला फोन केला. "सर, रिंग हा झिजणारा पार्ट आहे, वॉरंटीत येत नाही." मी म्हटलं, रिंग बदललीच नाही, हीच तर तक्रार आहे. "मग तसा अधिकृत सर्व्हिस सेंटरचा अहवाल द्या." अधिकृत सर्व्हिस सेंटर कोणतं? ज्याने फसवलं तेच. ग्राहक तक्रारीच्या पोर्टलवर फोटो, बिल, मोजमाप सगळं टाकलं, तर "कंपनीने उत्तर दिले आहे" म्हणून तक्रार निकाली. उत्तर काय दिलं, तर अहवाल द्या. पुन्हा टाकली, पुन्हा निकाली. पोलीस म्हणाले दिवाणी मामला आहे, आणि वर विचारलं, "मशीन चालतंय ना?" चालतंय! मी चालवलं म्हणून चालतंय! ५५ मिमीची रिंग ६५ च्या सिलिंडरमधून निघू शकत नाही हे समजायला इंजिनिअर लागत नाही, फूटपट्टी लागते. ती एकाही टेबलावर निघाली नाही.

रिंगा खरंच गेल्यात का, हे पंप न खोलता कळतं. ५० लिटरची टाकी ८ बारपर्यंत भरायला ४०० लिटर मोकळी हवा लागते, पंप मिनिटाला १२० लिटर देत असेल तर ३ मिनिटं २० सेकंद. घड्याळ लावा. माझं आलं ३ मिनिटं २५. रिंगा गेल्या असत्या तर वेळ चांगलीच वाढली असती आणि ब्रीदरमधून धुरासारखी वाफ फुसफुसली असती. मशीन नवीन असतानाच ही वेळ टाकीवर लिहून ठेवा. इंजिन ऑइल ओतू देऊ नका: त्यातलं डिटर्जंट पाणी धरून ठेवतं. मॅन्युअल सांगेल ते कॉम्प्रेसर ऑइल घ्या, बहुधा व्हीजी १०० (हा ऑइलच्या दाटपणाचा नंबर). हेड बोल्टवर नेलपॉलिशचा ठिपका लावून मगच मशीन द्या.

भोकाचं बूच बसवलं, ऑइल ३०० मिलीवर आणलं, टाकी ड्रेन केली. नवव्या दिवशी कागद कोरडा आला आणि तसाच येतोय.

ती ५५ ची रिंग अजून खणात आहे. धुतल्यावर दिसलं, तिच्या बाहेरच्या कडेवर मशिनिंगच्या बारीक रेषा तशाच आहेत. म्हणजे ती झिजलेलीच नव्हती. ज्याच्या मशीनमधून काढली, त्यालाही "रिंगा गेल्या" असंच सांगितलं असणार.