मस्टँगचा इनटेक घरी बदलला : दहा महिन्यांनंतरचा अनुभव

गेल्या ऑक्टोबरात मी माझ्या 2016 च्या फोर्ड मस्टँग जीटीचा मूळ एअरबॉक्स, म्हणजे इंजिनाच्या हवेचा फिल्टर असलेला डबा, काढला आणि कोल्ड एअर इनटेकचा (इंजिनाला बाहेरची थंड हवा देणाऱ्या नळीचा आणि फिल्टरचा) किट बसवला. कॅलिफोर्नियात फ्रीमॉन्टच्या घरी, गराजमध्ये, एकट्याने, साडेतीन तासांत. त्यावर गाडी आता नऊ हजार मैल चालली आहे. पहिल्याच आठवड्यात लिहायला बसलो असतो तर नुसतं कौतुक लिहिलं असतं. मधल्या काळात पेटलेला चेक इंजिनचा दिवा, उन्हाळ्यातला ट्रॅफिक आणि स्मॉग टेस्ट (गाडीच्या धुराची सरकारी तपासणी) हे सगळं होऊन गेलं, त्यामुळे आता सांगण्यासारखं बरंच आहे.

पाच लिटरचं व्ही-8 इंजिन, मिनिटाला 6500 फेऱ्यांना 435 हॉर्सपॉवर. त्या वेगाला ते मिनिटाला सुमारे सोळा हजार लिटर हवा ओढतं. दहा फूट लांब-रुंद-उंच खोलीतली सगळी हवा दोन मिनिटं पुरणार नाही. एवढ्या इंजिनाला कंपनीचा डबा कोंडत असणार, अशी माझी ठाम समजूत होती. ती चुकीची ठरली. मूळ डबा चांगला मोठा आहे, समोरच्या जाळीतून थंड हवा घेतो आणि बाजूने बंदिस्त आहे. रोजच्या चालवण्यात तो कुठेच कमी पडत नाही.

काम अवघड नाही. बॅटरीची ऋण तार सोडायची, सेन्सरचा प्लग काढायचा, दोन क्लॅम्प आणि एक बोल्ट सैल करायचा; रबरी बुशांत बसलेला डबा वर ओढला की निघतो. माझा निम्मा वेळ गेला तो हवा मोजणारा मॅफ सेन्सर जुन्या डब्यातून नव्या नळीत हलवताना. टॉर्क्स (चांदणीच्या आकाराच्या) बिटचे दोन छोटे स्क्रू, आणि खाली प्लास्टिक. जोर लावला की आटे गेलेच. सेन्सरच्या आतल्या बारीक तारेला बोटही लावू नका. ती तापवलेली असते आणि वाहत्या हवेने किती थंड होते त्यावरून कॉम्प्युटर हवेचं वजन ठरवतो. हा हिशेब नळीच्या आतल्या व्यासावर बेतलेला असतो. म्हणून किट निवडताना मी एकच अट ठेवली होती : इंजिनाच्या कॉम्प्युटरच्या ट्यूनिंगशिवाय चालणारा, सेन्सरपाशी मूळ व्यासाचाच. नळी रुंद असली तर तेवढीच हवा संथ वाहते, सेन्सर ती कमी मोजतो आणि इंजिनाला पेट्रोल अपुरं पडतं.

आवाजाबद्दल मात्र मनापासून लिहितो, कारण किटचे पैसे मला तिथे वसूल झाले. साडेतीन हजार फेऱ्यांपर्यंत गाडी पूर्वीसारखीच शांत. त्यापुढे ॲक्सिलरेटर दाबला की पुढून एक खोल, भरदार घोष उठतो. सायलेन्सरचा आवाज पाठीमागून येतो. हा श्वास ओढण्याचा आवाज आहे, आणि तो पायाच्या हालचालीबरोबर क्षणात चढतो-उतरतो. मूळ नळीला आवाज केबिनकडे नेणारा एक फाटा असतो, त्याला किटमध्ये बूच लागलं. तरी आत आधीपेक्षा जास्त ऐकू येतं. वुडसाइडवरून स्कायलाइनला चढणारा वळणांचा रस्ता मी आता काच खाली करूनच चालवतो.

ताकद? एकाच चढावर, तिसऱ्या गिअरमध्ये, 30 ते 60 मैल, जुन्या आणि नव्या सेटिंगवर पाच-पाच वेळा घड्याळ लावलं. दोन्हींतला फरक एकाच सेटिंगच्या दोन वेळांमधल्या फरकाइतकाच निघाला. गाडी जास्त चपळ वाटते खरी, पण ती जाणीव मला आवाजाने दिलेली आहे.

आता उष्णतेचं. माझे वडील साताऱ्याजवळ शेती करतात. व्हिडिओ कॉलवर मी त्यांना बॉनेट उघडून नवा शंकूसारखा फिल्टर दाखवला. त्यांनी फिल्टरकडे फारसं पाहिलंच नाही. म्हणाले, "अरे, आपल्या जुन्या ट्रॅक्टरचं नाक बॉनेटच्या वर का काढलेलं होतं? हवा कुठून ओढतोस ते आधी बघ." त्या ट्रॅक्टरला तेलाच्या वाटीचा एअर क्लीनर होता; धूळ तेलात अडकून राहायची. माझ्या फिल्टरच्या तेल लावलेल्या सुती जाळीचं तत्त्व तेच. पण वडिलांचा प्रश्न जागेचा होता, आणि तो बरोबर होता.

गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे दाखवणारा स्कॅनर लावून पाहिलं. बाहेर 24 अंश, 880 हायवेवरचा संध्याकाळचा ट्रॅफिक : जुन्या डब्यात आत जाणारी हवा 38 अंश, नव्या किटमध्ये 45. कारण फिल्टरभोवतीच्या पत्र्याच्या कडेची रबरी पट्टी बॉनेटला टेकतच नव्हती आणि रेडिएटरची गरम हवा वरून आत शिरत होती. हार्डवेअरच्या दुकानातून जाड फोमची पट्टी आणून कडेला चिकटवली. त्याच ट्रॅफिकमध्ये आकडा 39 वर आला. सहा अंशांनी हवा दोन टक्क्यांच्या आसपास दाट होते. नऊ डॉलरच्या त्या पट्टीने महागड्या नळीपेक्षा जास्त काम केलं. मोकळ्या हायवेवर जुना डबा आणि नवा किट यांत फरक नाही.

जानेवारीत दिवा लागला. कोड पी0171 आणि पी0174, म्हणजे दोन्ही बाजूंच्या सिलिंडरांत पेट्रोलच्या मानाने हवा जास्त. दोन्ही बाजू एकदम म्हटल्यावर दोष सामायिक ठिकाणी असणार. इंजिन जागेवर चालू ठेवलं की कॉम्प्युटर पेट्रोल बरंच वाढवत होता; फेऱ्या वाढवल्या की ते प्रमाण उतरायचं. सेन्सरच्या पुढे कुठेतरी न मोजलेली हवा घुसत असल्याची ही खूण. थ्रॉटलकडच्या (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेकडच्या) सिलिकॉन होजचा क्लॅम्प मी नीट आवळला नव्हता आणि होज जरा तिरका बसला होता. पुन्हा बसवला, आवळला, प्रश्न मिटला. नवीन होज गरम-थंड होऊन बसतो, म्हणून पहिल्या पाचशे मैलांनंतर सगळे क्लॅम्प तपासाच.

कॅलिफोर्नियात राहणाऱ्यांसाठी : किटला एअर रिसोर्सेस बोर्डाचा (राज्याच्या हवा-प्रदूषण मंडळाचा) ईओ क्रमांक, म्हणजे मंजुरीच्या आदेशाचा क्रमांक, आहे का ते विकत घेण्याआधी पाहा आणि त्याचं स्टिकर बॉनेटखाली दिसेल असं लावा. स्मॉग टेस्टला तपासनीस बॉनेट उघडून नजरेने पाहतो. माझ्याकडे त्याने स्टिकर शोधलं, क्रमांक ताडला आणि गाडी पास केली. बॅटरी सोडल्यावर लगेच टेस्टला जाऊ नका. गाडीच्या कॉम्प्युटरच्या स्वतःच्या तपासण्या त्याने पुसल्या जातात, आणि त्या पुन्हा पूर्ण व्हायला काही दिवसांचं चालवणं लागतं.

फिल्टर एकदाच धुतला, जूनमध्ये. धुऊन रात्रभर सावलीत वाळवला, मग तेल अगदी हलक्या हाताने. जास्तीचं तेल उडून सेन्सरच्या तारेवर बसतं. पुण्यातल्या भाच्याने त्याच्या हॅचबॅकसाठी असाच उघडा शंकू घेऊ का म्हणून विचारलं, तेव्हा मी त्याला स्पष्ट नाही सांगितलं. तिथल्या धुळीत आणि सिग्नलवरच्या उन्हात बंद डबा आणि वेळेवर बदललेला कागदी फिल्टरच इंजिनाला मानवतो.

जुना एअरबॉक्स प्लास्टिकमध्ये गुंडाळून माळ्यावर ठेवला आहे. गाडी विकताना तो लागेल. फोमची पट्टी एका कोपऱ्यात कडक व्हायला लागली आहे. नवी आणली आहे, येत्या शनिवारी बदलतो.