डिप्सी डायव्हर : ऑन्टारियो सरोवरासाठी घ्यावा, पण स्क्रू समजून घेऊनच

अमेरिका-कॅनडा सीमेवरचं ऑन्टारियो सरोवर सर्वांत खोल जागी २४४ मीटर आहे. उन्हाळ्यात वरचं पाणी तापलं की चिनूक सॅमन आणि लेक ट्राउट हे मासे खालच्या गार थरात उतरतात. चिनूकला साधारण ५० ते ५५ अंश फॅरेनहाइटचं पाणी मानवतं, लेक ट्राउटला त्याहून जरा गार. हा थर कधी ४० फुटांवर असतो, तर दोन दिवस वारा लागला की ८० फुटांवर जातो. तिथे आमिष पोचवण्याचे रस्ते मोजकेच आहेत. डाउनरिगर, म्हणजे तारेला जड गोळा बांधून सोडायचं यंत्र, हा सर्वांत अचूक आणि सर्वांत महाग. विजेवर चालणारी जोडी बसवायची तर हजार डॉलर सहज ओलांडले जातात. लूर-जेन्सन कंपनीचा डिप्सी डायव्हर, म्हणजे चालत्या बोटीमागे ओढलेलं आमिष खोल नेणारी तबकडी, मात्र दहा-पंधरा डॉलरच्या आसपास मिळतो. न्यूयॉर्कच्या काठावर ऑस्वेगोपासून ऑलकॉटपर्यंतच्या चार्टर (भाड्याने मासेमारीला नेणाऱ्या) बोटींवर महागडे डाउनरिगर असूनही दोन्ही बाजूंना डिप्सी लावलेले दिसतात, तेव्हा त्याचं काम निव्वळ पैसे वाचवण्याचं नाही हे उघड आहे.

वस्तू साधी आहे. प्लास्टिकची गोल तबकडी, तिच्या पोटात एका बाजूला सरकवलेलं वजन, वरच्या अंगाला खटक्यात अडकणारा धातूचा दांडा आणि मागे लीडर (आमिषापर्यंतचा शेवटचा दोर) बांधायला स्विव्हल, म्हणजे गरगर फिरणारी कडी. दांडा खटक्यात असतो तेव्हा दोर तबकडीला अशा कोनात ओढतो की ती पाण्यात खाली खाली जाते. उलटा उडणारा पतंगच म्हणा. मासा लागला की दोरावरचा ताण वाढतो, दांडा खटक्यातून सुटतो, तबकडी आडवी होते आणि तिचा विरोध बराच कमी होतो. मग माशाशी झुंजता येतं. तळाची चकती फिरवून वजन डावीकडे किंवा उजवीकडे नेता येतं, त्यामुळे तबकडी खाली जाता जाता बोटीपासून बाजूलाही सरकते. डाउनरिगर जे देत नाही ते हेच. बोटीच्या आवाजाने आणि सावलीने बुजलेला मासा बाजूच्या पाण्यात सापडतो. क्वागा शिंपल्यांनी गाळून गाळून हे पाणी इतकं नितळ केलंय की उन्हाच्या दिवशी हा फरक चांगलाच जाणवतो.

आकार निवडताना गोंधळ होतो. शून्य नंबरची तबकडी सव्वातीन इंची, एक नंबरची सव्वाचार इंचांना जरा कमी. एक नंबरवर प्लास्टिकची कडी चढवली की ती पाच इंचांच्या जवळ जाते आणि आणखी खोल उतरते. जुलै-ऑगस्टच्या चिनूकसाठी एक नंबर कडीसकट घ्यावी. शून्य नंबर वसंतात, किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यातल्या ब्राउन ट्राउट आणि कोहो सॅमनसाठी ठीक. रंगांची मात्र फार चिकित्सा नको. दुकानात डझनभर रंग टांगलेले असतात आणि त्यातले बरेचसे माशांपेक्षा गिऱ्हाइकांनाच जास्त गळाला लावतात. एक काळी, एक हिरवी, झालं.

चकतीवर ० ते ३ असे आकडे दोन्ही बाजूंना असतात. शून्यावर तबकडी सरळ मागे खाली जाते आणि सर्वांत खोल पोचते. ३ वर ती जास्तीत जास्त बाजूला जाते, पण तेवढीच खोली गमावते. दोन्ही बाजूंना दोन-दोन रॉड (गळाच्या काठ्या) लावायचे असतील तर बाहेरचा ३ वर, आतला १ किंवा दीडवर. बाहेरच्याचा रॉड पुढे, आतल्याचा मागे. पाण्यात बाहेरचा आधी सोडायचा. मासा लागून सुटलेली तबकडी वर येते आणि आतल्या दोराच्या वरून मागे सरकते, म्हणून गुंता कमी होतो. चकती कुठल्या बाजूला फिरवायची याची खात्री नसेल तर तबकडी बोटीशेजारी चार-पाच फूट दोरावर धरून बघा. चुकीची असेल तर ती लगेच बोटीखाली घुसते.

खोलीचं गणित हीच या वस्तूची खरी उणीव. पाकिटावर तक्ता असतो, पण त्यातले आकडे ठरावीक जाडीच्या दोरासाठीच लागू पडतात. दोर बारीक असेल तर पाण्याचा विरोध कमी, तबकडी जास्त खोल. ढोबळमानाने मोठी तबकडी ३ वर असताना खोलीच्या तिप्पट दोर लागतो आणि दोराऐवजी स्टीलची तार असेल तर १ च्या खुणेला साधारण दुप्पट. म्हणजे ५० फुटांसाठी एकीकडे १५० फूट, दुसरीकडे १००. यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नये. सपाट वाळूचा तळ शोधावा, साउंडरवर (खोली दाखवणाऱ्या यंत्रावर) ६० फूट दिसत असताना, बोट नेहमीच्या वेगाने चालवत दोर हळूहळू सोडत जावा आणि तबकडी तळाला टेकून रॉडचं टोक ठकठक करू लागलं की रिळावरच्या, किती दोर गेला ते मोजणाऱ्या काउंटरवरचा आकडा लिहून ठेवावा. ही चाचणी आमिष न लावता करावी. शिंपल्यांच्या धारेवर लीडर कापला जातो. प्रत्येक आकड्यासाठी एकदा हे केलं की आपल्या बोटीचा, आपल्या दोराचा तक्ता हाती येतो. आणखी एक, काउंटरचं रीळ भरलेलं असतानाच बरोबर मोजतं. पाऊण भरलेल्या रिळावरचे १५० फूट हे १५० फूट नसतात.

आता स्क्रू. खटक्याचा ताण कमी-जास्त करणारा तो छोटा स्क्रू पाकिटातून निघाला तसाच ठेवला तर निम्मा दिवस वाया जातो. तो सैल असला की लाटेचा एक हिसका, बोटीचं एक वळण, आणि तबकडी सुटून वर येते. फार घट्ट असला तर मासा लागूनही दांडा सुटत नाही आणि परत घेताना खालच्या कोनात अडकलेली तबकडी ओढत ओढत आणावी लागते. हात भरून येतात. त्याहून वाईट म्हणजे दीड-दोन पौंडांचं पोर लागलं तर ते कळतही नाही. ते तासभर मागे फरफटत राहतं आणि मोठा मासा त्या दोराकडे फिरकत नाही. रॉडचं टोक एरवी ठरावीक लयीत हलतं; ती लय मोडून बारीक बारीक मान डोलावू लागलं तर दोर गुंडाळून बघावा.

जुळवणीसाठी नेहमीचा फ्लॅशर (मासा खेचणारी चकाकती पट्टी) आणि माशी (तिच्यामागचं झुपकेदार आमिष) लावून २० फूट दोर सोडावा, बोट ताशी अडीच मैलांच्या वेगाने चालू द्यावी आणि तबकडी सुटेपर्यंत स्क्रू थोडा थोडा सैल करावा. सुटली की तिथून पाव फेरा घट्ट. आठ इंची फ्लॅशर पाणी बरंच ओढतो, म्हणून त्याला स्क्रू घट्ट लागतो. तोच काढून नुसता स्पून (चमच्यासारखं धातूचं आमिष) लावला तर पुन्हा सैल करावा लागतो. बरेच जण फ्लॅशर बदलतात आणि स्क्रूला हात लावत नाहीत, मग दोष तबकडीला देतात.

सोडण्याची रीतही ठरलेली. आधी फ्लॅशर आणि माशी पाण्यात, ती नीट पोहतात का ते बघायचं, मग तबकडी. रीळ मोकळं कधीच सोडायचं नाही. अंगठा टेकवून किंवा ड्रॅग (रिळाचा ब्रेक) जेमतेम सैल करून दोर सावकाश जाऊ द्यायचा; १५० फुटांना दोन-तीन मिनिटं लागली तरी चालेल. रीळ सुसाट सोडलं की तबकडी खाली जाण्याऐवजी कोलांट्या खाते आणि लीडर तिच्याभोवती गुंडाळला जातो. वर सगळं ठीक वाटतं, खाली नुसतं गाठोडं फिरत असतं. रॉड होल्डरमध्ये टाकल्यावर ड्रॅग इतकाच ठेवायचा की दोर आपोआप निसटणार नाही, पण जोराचा हिसका बसला की लगेच जाईल. वीस पौंडी चिनूकचा पहिला झपाटा घट्ट ड्रॅगला लीडर तरी तोडतो, नाही तर होल्डर तरी.

लीडर ६ ते ८ फूट, २० ते ३० पौंडी (म्हणजे तेवढा ताण सोसणारा) फ्लोरोकार्बनचा दोर. याहून लांब जमत नाही, कारण तबकडी रॉडच्या कड्यांतून जात नाही. ती टोकाला येऊन थांबली की मासा तिच्या मागे लीडरच्या लांबीवरच असतो, आणि मग जाळं पोचायला हवं. म्हणूनच रॉडही ९ ते १० फुटी, दणकट हवा; मऊ रॉड तबकडीच्या ओढीनेच पूर्ण वाकून जातो. बुजऱ्या स्टीलहेड ट्राउटसाठी लांब लीडर हवाच असेल तर डिप्सी सोडून स्लाइड डायव्हर घ्यावा. त्यात दोर तबकडीतून आरपार जातो, त्यामुळे लीडर हवा तेवढा लांब ठेवता येतो.

दोर कोणता? सुरुवात ३० ते ५० पौंडी ब्रेडने, म्हणजे विणलेल्या दोराने करावी. तो ताणला तरी लांबत नाही, म्हणून तबकडी सोडवायला एक झटका पुरतो. पण लांबत नसल्यामुळेच हिसका थेट लीडरवर बसतो. तबकडीमागे रबरी स्नबर (ताणला जाणारा तुकडा) लावला की तो हिसका सोसला जातो. सात पदरी, ३० पौंडी स्टीलची तार आणखी खोल जाते, पण तिला वेगळं टोक असलेला रॉड लागतो. साधं टोक ती करवतीसारखं कापते, आणि एकदा मुरड पडली की तिथपर्यंतची तार फेकून द्यावी लागते. तारेचा खरा फायदा उन्हाळ्याच्या उत्तरार्धात कळतो. १९९८ साली या सरोवरात पहिल्यांदा सापडलेली गळासारख्या शेपटीची पाणपिसू, म्हणजे पाण्यातला अगदी बारीक जीव, बारीक ब्रेडला कापसासारखी चिकटते, रॉडच्या टोकाशी गोळा होते आणि दोर आत येईनासा होतो. तारेवर ती त्यामानाने कमी टिकते.

वेग चिनूकसाठी ताशी सव्वादोन ते पावणेतीन मैल, लेक ट्राउटसाठी दोनच्या आत-बाहेर. पण हा वेग वरच्या पाण्यातला. खालचा प्रवाह उलटा असेल तर जीपीएसवरचा आकडा फसवतो. वळण घेताना बाहेरच्या बाजूची तबकडी वेग घेते, आतली मंदावते. वळणावर एकाच बाजूला मासा लागू लागला तर त्यातून वेग वाढवायचा की कमी करायचा हे समजतं. वळण मात्र मोठं घ्यावं. चार तबकड्या बाहेर असताना गर्रकन फिरलेली बोट उरलेली सकाळ गाठी सोडवण्यात घालवते. न्यूयॉर्कच्या बाजूला माणशी तीन दोर चालतात, कॅनडाच्या बाजूला बोटीतून माणशी दोन, तेव्हा सीमारेषेच्या आसपास किती रॉड बाहेर आहेत याकडे लक्ष असावं.

घ्यावा का? डाउनरिगर आधीच असेल तर डोळे झाकून चार घ्यावेत. गोळ्यावरच्या तापमान मापकाने गार थर किती खोल आहे ते सांगितलं की डिप्सी त्याच्या दहा फूट वर आणि बाजूला लावता येतात. चिनूक वरच्या आमिषावर झेपावतो. डाउनरिगर नसेल तरी चालेल, पण नेमकी खोली हाती नाही हे मान्य करून. लेक ट्राउटसाठी तळापासून फूट-दोन फुटांवर आमिष नेमकं टांगायचं असेल तर डिप्सीच्या नादी लागू नये. त्याला गोळाच हवा. कडी मात्र सुटी दोन-तीन जास्त घेऊन ठेवावी. मासा जाळ्यात येताना आपटून ती निसटते आणि दोनशे फूट पाण्यात गेलेली कडी काही परत येत नाही.