प्रेक्षक कक्ष की क्षेत्रसभा?

ठाणे असो वा नवी मुंबई, महापालिकेच्या सर्वसाधारण सभेत नागरिकाला प्रेक्षक कक्षात बसून कामकाज ऐकता येते. बोलण्याचा अधिकार मात्र त्याला नसतो. आपला नगरसेवक काय बोलला हे कळते, एवढाच लाभ. क्षेत्रसभेचे तसे नाही. राज्याने २००९ साली कायद्यात दुरुस्ती करून तिची तरतूद केली. मतदान केंद्राच्या परिसरातील मतदार तिचे सदस्य असल्यामुळे घणसोलीच्या गावठाणातील रहिवाशालाही गटारे, पथदिवे किंवा पाणीपुरवठा यांविषयी स्वतः मागणी मांडता येते आणि कामांचा अग्रक्रम सुचवता येतो. अंतिम निर्णय येथेही नागरिकाच्या हाती नसतो, तरीही मी क्षेत्रसभेलाच अधिक महत्त्व देतो, कारण तेथे उत्तर समोरासमोर मागता येते. अर्थात सभेची सूचना आणि विषयपत्रिका आधी घरोघरी पोहोचली, तरच.