पॉइंट काढून मॉड्यूल: जुन्या पेट्रोल पिकअप गाडीवर आठ महिन्यांनंतर

पॉइंट म्हणजे डिस्ट्रिब्युटरमधली (प्लगांना स्पार्क वाटणाऱ्या भागातली) कॉइलचा करंट तोडून स्पार्क पाडणारी यांत्रिक जोडी. त्याऐवजी हॉल सेन्सरचं (चुंबक ओळखणाऱ्या सेन्सरचं) किट आणि चार पिनांचं मॉड्यूल, दोन्ही वापरून झाली. दुकानात दोन्ही 'इलेक्ट्रॉनिक इग्निशन' म्हणूनच मिळतात, पण स्वभाव वेगळे.

हॉलचं किट पॉइंटच्याच जागी बसतं. रोटरखाली चुंबकाची रिंग, लाल वायर कॉइलच्या प्लसला, काळी मायनसला, कंडेन्सर काढून टाकायचा. सेल्फ जड, हळू फिरला तरी स्पार्क येतो. पण साध्या किटमध्ये इंजिन बंद आणि स्विच चालू राहिला तर कॉइलमधून करंट वाहतच राहू शकतो. कॉइल तापते, मॉड्यूल जळतं. म्हणून आधी दोन्ही वायरी काढून कॉइलच्या प्लस-मायनसवर मल्टिमीटर लावा. ३ ओहम असेल तर १२ व्होल्टला ४ अँपिअर, १.५ ओहम असेल तर तब्बल ८. अशा कॉइलला बॅलास्ट (करंट कमी करणारा रेझिस्टर) ठेवाच, मात्र किटची लाल वायर बॅलास्टच्या अलीकडून, थेट स्विचवरून घ्या. पलीकडून घेतली की व्होल्टेज पडतं आणि मिसिंग सुरू. बहुतेक तक्रारी इथल्याच.

चार पिनांच्या मॉड्यूलला मॅग्नेटिक पिकअपचा (चुंबक आणि तारेच्या गुंडाळीच्या सेन्सरचा) डिस्ट्रिब्युटर लागतो. त्याच्या पिनांपैकी डब्ल्यू आणि जी पिकअपला, बी स्विचला, सी कॉइलच्या मायनसला. डब्ल्यू-जी उलट झाले तर टायमिंग (स्पार्कची वेळ) बिघडतं. हे मॉड्यूल करंट स्वतः आवरतं, सिग्नल नसला की बंद राहतं. अर्थिंग स्क्रूमधूनच होतं, तेव्हा खालचा रंग खरवडा. बुडाला उष्णता वाहून नेणारी पेस्ट लावून जाड ॲल्युमिनियमच्या पट्टीवर, सायलेन्सरपासून लांब बसवा. चोर्ला घाटाच्या चढावर पेस्टविना बसवलेलं मॉड्यूल तापून दगा देतं. गार झालं की गाडी पुन्हा चालू, म्हणून मेस्त्री कार्ब्युरेटर उघडत बसतो. पिकअपची गॅप पितळी फीलरनेच बघा, लोखंडी पाती चुंबकाला चिकटते.

खानापूरच्या पावसात डिस्ट्रिब्युटरच्या कॅपमध्ये धरणाऱ्या ओलीवर मात्र कुठल्याच मॉड्यूलचा इलाज नाही. कॅपला बारीक तडा असेल तर ती बदलाच. डिस्ट्रिब्युटरचा शाफ्ट बोटाने आडवा हलत असेल तर आधी बुश घाला, नाहीतर टायमिंग लाइटमध्ये खूण नाचतच राहते. प्लगच्या तांब्याच्या तारेच्या वायरी काढून कार्बनच्या घाला.

कोणतंही बसवा, टायमिंग नव्याने लावावंच लागतं. मालाच्या गाडीला मी चार पिनांचंच सांगेन. हॉलचं किट कमी फिरणाऱ्या, मूळ डिस्ट्रिब्युटर जपायच्या गाडीला. जुने पॉइंट आणि कंडेन्सर डब्यात असू द्या, मॉड्यूल वाटेत गेलं तर हॉलवाल्याला तेच घरी आणतात.